उतारावरची बाई

गल्लीत सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणायचे, आणि पोस्टाशी त्यांचा संबंध तुमच्याआमच्याइतकाच होता. धंदा शेगड्या दुरुस्त करण्याचा. खांद्याला कळकट पिशवी, तिच्यात पाने, पक्कड, रबरी नळीचे तुकडे आणि बर्नरमधली घाण काढायची बारीक पिन. कुणाची ज्योत पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडायला लागली, की त्यांना बोलावणं जायचं. ते यायचे, शेगडी उलटी करायचे, फुंकर मारायचे, आणि निळी ज्योत काढून दाखवली की हात पुसता पुसता हळूच विचारायचे, "ताई, घरात जुनी चित्रांची कार्डं पडली असतील का हो? वरच्या खोऱ्याची?"

पहिल्यांदा ऐकणारीला वाटे, माणूस कामाचा आहे पण डोक्याने जरा हललेला दिसतो. मग कधी माळ्यावरून एखादा खोका निघे, कधी सासऱ्यांच्या ट्रंकेतून एखादं पुडकं. मजुरीऐवजी ते पुडकं घेऊन पोस्टमास्तर असे घरी येत, की जणू लॉटरीच लागली आहे.

वरचं खोरं म्हणजे डोंगरांत आत शिरलेली एक नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटलेली गावं. एके काळी शहरातली बरी मंडळी तिथे हवापालटाला जायची आणि तिथून घरी कार्डं धाडायची. पुढे चित्र, मागे खुशाली. कुणी एका फोटोवाल्याने सगळं खोरं पालथं घालून फोटो काढले होते आणि शहरातल्या कारखान्याने ते वर्षानुवर्षं छापले. पुढे मंडळींना दुसरीकडची हवा मानवायला लागली आणि कार्डं छापायची बंद झाली. जी उरली ती लोकांच्या माळ्यांवर. पोस्टमास्तरांना ती सगळी हवी होती. दुसऱ्या कुठल्या मुलखाचं कार्ड कुणी फुकट दिलं तरी ते हात लावत नसत. समुद्रकिनारे नकोत, राजवाडे नकोत. खोरं असेल तर बोला.

त्यांची बायको घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. गल्लीने तिला ओघानेच पोस्टमास्तरीणबाई केलं होतं. आपण नुसतं बाई म्हणू. बाई तोंडाने तिखट. "माझ्या संसाराला अर्धी खोली आणि ह्यांच्या डोंगरांना दीड," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. ते खोटंही नव्हतं. कपड्यांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे कार्डांनी खाल्ले होते, पलंगाखाली बुटांचे खोके होते, आणि शिलाई मशीनच्या खणात दोऱ्याची रिळं शोधायला हात घातला तर हातात डोंगर यायचा.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. बाईंनाही त्या कार्डांचा चस्का लागला होता, फक्त उलट्या बाजूचा. नवरा पुढचं चित्र बघे, बाई मागचा मजकूर वाचत. लोकांचे संसार फुकटात वाचायला मिळायचे. कुणीतरी कुणाला लिहिलेलं असे, "तुझ्या भावाची तब्येत सुधारली आहे, स्वभाव आहे तसाच आहे." बाई मशीन थांबवून पोट धरून हसायच्या. "अहो, ऐका तरी!" पोस्टमास्तर ऐकत नसत. ते भिंग लावून एखाद्या रस्त्यावर चाललेल्या मुंगीएवढ्या बाया तपासत असत.

कारण ते डोंगर गोळा करत नव्हते. ते आपली आई शोधत होते.

आई गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचं काहीच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. साध्या तापाने गेली. फोटो एकही नाही. तिच्या माघारी मावशीने त्यांना खोऱ्यातून शहरात आणून वाढवलं. मावशी जिवाला जीव देणारी, पण बोलण्यात हात आखडता. आईचा विषय निघाला की ती भांडी घासायला उठायची. एकदाच, कुठल्याशा दुकानात टांगलेली चित्रांची कार्डं बघून ती आपणहून बोलली, "तुझ्या आईचंसुद्धा असं कार्ड निघालं होतं. लग्नाआधीचं. फोटोवाला आला तेव्हा ती उतारावर उभी होती. चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून एक चप्पल हातात. सगळ्या गावाने तिला चिडवलं, चप्पल घेऊन छापली म्हणून." एवढं बोलून मावशी हसली, मग तिचा चेहरा उतरला आणि ती चालायला लागली. पुढे किती खोदून विचारलं तरी तिने दाद दिली नाही. मग मावशीही गेली.

आईचा चेहरा आठवत नाही, ही गोष्ट माणूस चारचौघांत सांगत नाही. लाज वाटते. पोस्टमास्तरांनी ती फक्त बायकोला सांगितली होती, तीही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आणि त्या दिवसापासून बाई कार्डांवरून कटकट करत असल्या तरी एकही खोका त्यांनी रद्दीवाल्याला दाखवला नव्हता.

तर उतार. खोरं पडलं डोंगराळ, तिथे उतारांना काय तोटा. बाजाराकडे जाणारा उतार, दवाखान्याचा उतार, वळणाचा, फरसबंदीचा, बैलगाडीवाला. एकेका उताराची चार-चार चित्रं निघालेली, कुठे ढग जास्त, कुठे माणसं. पोस्टमास्तरांनी ती सगळी मिळवली. प्रत्येक बाई भिंगाखाली घेतली, प्रत्येकीचे हात बघितले. छत्री सापडली, टोपली सापडली, मूल सापडलं, एकीच्या हातात चक्क कोंबडी सापडली. चप्पल नाही.

आणि नदीची कार्डं? ती त्यांना अडचण वाटायची. पुडक्यात ती येणारच, खोऱ्यात नदी आहे म्हटल्यावर. पोस्टमास्तर त्यांना "पाणी" म्हणत. पाणी दिसलं की कार्ड पालथं करून बाजूला. ते साठलं की दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. हे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत आणि नद्या, पूल, होड्या गोळा करत. दोघांचा व्यवहार सरळ होता, पाण्याला डोंगर. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात बसून अदलाबदल करायची, चहा प्यायचा, आणि दोघांनीही आपणच दुसऱ्याला बनवलं या समाधानात उठायचं. पोस्टमास्तर घरी येऊन बायकोला सांगायचे, "आज मूठभर पाणी दिलं आणि तीन उतार आणले. डॉक्टर शिकलेला असेल, पण व्यवहारात कच्चा."

असं सगळं मजेत चाललं असतं, पण एक दिवस एका घरी शेगडी दुरुस्त करताना त्यांना ज्योत दिसेना. बर्नर दिसत होता, कडेची भांडी दिसत होती, मधोमध नुसता राखाडी डाग. शेगडी पेटलीच नाही असं समजून त्यांनी पुन्हा काडी ओढून हात पुढे नेला. घरातली बाई किंचाळली म्हणून हात वाचला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. या अवस्थेत औषध नाही." पोस्टमास्तरांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय होईल?" त्या म्हणाल्या, "जे बघायला जाल तेच दिसणार नाही."

पिशवी खुंटीला लागली ती लागलीच. चालता-फिरताना त्यांना फारशी अडचण येत नसे, पण समोरच्या माणसाला बघायचं तर नजर त्याच्या कानापलीकडे लावावी लागे. ओळखीचे लोक बुचकळ्यात पडत. "रुसलेत का हो पोस्टमास्तर?" असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "नाही, आता ते सगळ्यांना सारखंच टाळतात." घरी येऊन मात्र त्या मशीनवर बसून नुसतंच पायडल हलवत राहायच्या, कापड न घालता.

पोस्टमास्तरांना पैशाअडक्याची, पडण्याधडपडण्याची भीती नव्हती. त्यांना एकच घोर लागला होता. आहे तेवढी नजर आहे तोवर ते कार्ड मिळायला हवं. डोळ्याच्या कोपऱ्यातून का होईना, धूसर का होईना, एकदा आई दिसायला हवी. भिंग आता बाईंच्या हाती आलं. जेवणं आवरली की दोघं खिडकीत बसत आणि जुनेच उतार पुन्हा सुरुवातीपासून तपासत.

"बाई आहे?"

"आहे."

"हातात काय?"

"छत्री."

"नीट बघ. छत्री की चप्पल?"

"अहो, चप्पल एवढी लांब असते का? तुमची आई काय राक्षसीण होती?"

"पुढचं घे."

कधी त्यांना वाटे, ही घाईघाईत बघते. कधी बाईंना वाटे, भिंग खिडकीबाहेर भिरकावून द्यावं. एकदा त्या संतापून म्हणाल्या, "ही सगळी कार्डं तुम्ही स्वतःच्या धडधाकट डोळ्यांनी दहादा बघितलीत. तेव्हा नव्हती ती आता कुठून उगवणार?" पोस्टमास्तरांनी अंदाजाने खोक्यात हात घातला आणि पुढचं कार्ड बायकोपुढे धरलं. बाईंनी ते मुकाट्याने घेतलं.

मग पुढच्या तपासणीची तारीख आली. डोळ्यांच्या दवाखान्यात पोस्टमास्तरांना आत नेलं आणि बाई बाकावर बसल्या. शेजारी एक थकलेली म्हातारी, डोळ्यांत औषध घालून बसवलेली. औषधाने डोळे टपोरे झाले होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणून तिला बोलायला माणूस हवं होतं. बोलता बोलता निघालं की म्हातारी मूळची वरच्या खोऱ्यातली. बाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी अख्खं खोरं आहे, या कधी बघायला."

म्हातारी सुटलीच. त्यांचं घर कुठे होतं, गोठा कुठे होता, आणि लग्न झाल्यावर ती सासरी कशी आली. "उतारावर आमचं सगळं सामान भिजलं," ती म्हणाली. "नाव कलली ना. कपाट गेलं पाण्यात."

"उतारावर नाव?" बाई म्हणाल्या. "डोंगरावरून नाव आणली होती की काय?"

म्हातारी इतकी हसली की औषध गालावर ओघळलं. "अगं, उतार म्हणजे नदी उतरायची जागा. पाणी कमी असलं की चालत जायचं, वाढलं की नावेतून. पलीकडे जायचं तर उतारावर जायचं. आता पूल झाला, आता कोण म्हणतंय उतार. माझ्या नातवंडांना पण ठाऊक नाही."

"मग डोंगरावरून खाली येतो तो रस्ता?"

"ती उतरण. उतार वेगळा, उतरण वेगळी. आमच्याकडे पोराटोरांनाही कळायचं."

नदीला उतार पडतो, हे बाईंनीही जन्मभर ऐकलं होतं. पण घरात उतार म्हटलं की डोंगर, हे इतकं पक्कं बसलं होतं की दुसरा विचार कुणाच्या मनाला शिवला नव्हता. मावशी खोऱ्यातली. मावशी उतार म्हणाली होती, उतरण नव्हे. एवढासा शब्द, आणि त्यापायी एका माणसाने सगळी उमेद डोंगरांवर उधळली होती. आणि जे हवं होतं ते पालथं करून, बोटांनी बाजूला सारून, दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकलं होतं. हसतहसत.

पोस्टमास्तर बाहेर आले. "आणखी थोडं गेलंय म्हणाल्या," त्यांनी सांगितलं. बाई "बरं" म्हणाल्या आणि घर येईपर्यंत गप्प राहिल्या. हे इतकं अघटित होतं, की पोस्टमास्तरांनी दोनदा विचारलं, "तुला बरं नाही का?"

सांगावं तर माणूस कोलमडेल. न सांगावं तर उरलीसुरली नजर कोंबडीवालीचे हात बघण्यात जाईल. बाईंनी दुसऱ्या गावी दिलेल्या मुलीला फोन लावला. मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "आई, सांगू नकोस. आता काय उपयोग? बाबांना निदान एवढं तरी वाटू दे की त्यांनी काही बाकी ठेवलं नाही." पोरीचं म्हणणं शहाणपणाचं होतं. बाईंनी ठरवलं, नाही सांगायचं.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तोंडून ते निसटलं. खिडकीत बसले होते. पोस्टमास्तर म्हणाले, "हा बाजाराचा उतार पुन्हा एकदा बघ, त्या कोपऱ्यातली बाई..." आणि बाईंचा बांध फुटला. "खड्ड्यात गेला तुमचा बाजाराचा उतार! तो उतार नाहीच! ती उतरण आहे, उतरण! उतार नदीवर असतो!"

पोस्टमास्तर त्यांच्या कानापलीकडे बघत राहिले. मग बाईंनी सगळं सांगितलं, म्हातारीचं, नावेचं, कपाटाचं. सांगताना त्यांना वाटत होतं, आता हे ओरडतील, निदान आपल्यावर तरी ओरडतील. पोस्टमास्तरांनी मांडीवरचा खोका उचलून खाली ठेवला, हलकेच, आत अंडी असावीत तसा. मग ते म्हणाले, "पाणी सगळं मी डॉक्टरांना दिलं."

"ठाऊक आहे."

"भिंगाखाली कधी घेतलंच नाही गं. एकसुद्धा नाही." त्यांनी हवेतच कार्ड पालथं केल्यासारखा हात फिरवला. "मी तिला हातात घेऊन बाजूला टाकलं असेल."

बाईंनी त्यांचा हात धरला.

दातांचे डॉक्टर आता पेशंट फारसे घेत नसत, पण दवाखाना जसाच्या तसा होता. माणूस भला. सगळी हकिगत ऐकून त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला, जणू त्यांनीच काही चोरलं होतं. "थांबा, खोऱ्याचं सगळं एकत्र ठेवलंय," म्हणत त्यांनी औषधांच्या कपाटातले खण बाहेर काढून टेबलावर ठेवले. बसायला एकच स्टूल, ते बाईंना दिलं. पोस्टमास्तरांना दात काढायच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी तोंडावर पाडायचा तो मोठा दिवा ओढून टेबलावर वळवला आणि बाईंनी भिंग काढलं.

पूल. पूल. धबधबा. नदीकाठची गुरं. नाव, पण माणसंच नाहीत. पोस्टमास्तर खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, दात उपटायला आल्यासारखे, आणि काही विचारत नव्हते. डॉक्टर एकेक कार्ड पुढे सरकवत होते. एक नाव, तिच्यात गाठोडी घेऊन बसलेली माणसं. पुढचं.

आणि मग ती दिसली. रुंद नदी, काठाला अर्धवट ओढलेली नाव, चारसहा माणसं बसलेली. त्यांच्यापासून जरा बाजूला, पाण्याच्या कडेला, एक मुलगी. एक पाय अनवाणी, टाच उचललेली. डाव्या हातात चप्पल. चित्राखाली छापलं होतं, "नदी आणि नाव". शहरातल्या कारखान्याला उतार हा शब्द कुठून ठाऊक असणार?

"आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. "अहो, आहे. चप्पल आहे हातात."

डॉक्टरांनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं. पोस्टमास्तरांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, डोळ्यांच्या उजवीकडे धरलं, मग डावीकडे, मग वर. मान वळवली, तिरकी केली. "नदी कळते," ते म्हणाले. "काहीतरी उभं आहे तेही कळतं. चेहरा नाही लागत." त्यांनी कार्ड बाईंच्या हातात परत दिलं. "तू बघ. तू सांग. सावकाश सांग, घाई करू नकोस."

बाईंनी भिंग चेहऱ्यावर नेलं. आजवरच्या सगळ्या कार्डांत त्यांनी हातच बघितले होते, चेहऱ्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आता त्यांनी चेहरा बघितला, आणि तिथे चेहरा नव्हता. एक गुलाबी ठिपका होता. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. घाईत टेकवलेला सपाट ठिपका, तोही नीट बसला नव्हता, थोडा गुलाबी रंग डोक्याबाहेर मागच्या डोंगरावर सांडला होता. बाईंनी भिंग वर केलं, खाली केलं, दिवा जवळ ओढला. ठिपका ठिपकाच राहिला.

"सांग ना," पोस्टमास्तर म्हणाले.

बाई जन्मात नवऱ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. भांडल्या होत्या, टाकून बोलल्या होत्या, पण खोटं नाही. "कपाळ मोठं आहे," त्या म्हणाल्या. "केस घट्ट बांधलेत, पण कानापाशी एक बट सुटलीय. नाक जरासं बसकं. हसतेय. तोंड दाबून हसतेय, चप्पल हातात म्हणून लाज वाटत असेल. हसताना एकच गाल वर गेलाय." बोलता बोलता त्यांना शब्द सुचत गेले, भराभरा, जणू खरंच समोर कुणी उभं होतं.

पोस्टमास्तर ऐकत होते. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं जे बाईंनी पोर जन्मली त्या दिवशी बघितलं होतं, पुन्हा नाही. "हे तर आपल्या पोरीचं वर्णन झालं," ते म्हणाले.

"असेलच. आजीवर गेली असेल."

"आजीवर गेली," पोस्टमास्तर म्हणाले आणि हसले. एकच गाल वर गेला. मग सवयीने, जसं ते कुणाही कार्डवाल्याला विचारत, त्यांनी विचारलं, "कार्ड साधं आहे की रंगीत?"

"रंगीत," बाई उत्साहाने म्हणाल्या. "सुरेख रंग आहेत हो, नदी कशी निळीशार..."

पोस्टमास्तरांचं हसू हळूहळू गेलं. बाईंना कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"हातांनी रंगवायचे ती," पोस्टमास्तर म्हणाले. आवाज शांत होता, एखाद्या नव्या माणसाला समजावून सांगावं तसा. "कारखान्यात ओळीने बायका बसवायचे. एकीकडे निळा, एकीकडे हिरवा. कार्ड पुढे सरकत जायचं. गुलाबी रंगवाली शेवटी. माणूस दिसला की तोंडावर ब्रश टेकवायचा, की पुढचं. दिवसभर तेच. रंगीत कार्डात चेहरे नसतात गं. कुणाचेच नसतात."

"साधं असेल कुठेतरी," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "आधी साधीच छापायचे. मी शोधतो, चार जणांना लिहितो..."

"असेल की," पोस्टमास्तर म्हणाले. "मिळेलही. बघणार कोण?"

"मी बघेन," बाई म्हणाल्या.

"तू बघशील आणि मला सांगशील. मग ते खरं की मघाशी सांगितलंस तसं, ते मला कशावरून कळणार?" ते रागाने बोलले नाहीत, तेच वाईट होतं. बाईंना वाटलं, भूमी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावी.

डॉक्टरांनी दिवा विझवला. कार्ड त्यांनी पाकिटात घालून पोस्टमास्तरांच्या खिशात ठेवलं. बदल्यात काही नको म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले. दोघं रस्त्याला लागले. संध्याकाळची वर्दळ होती, सायकली, दुकानांपुढची गर्दी. बाईंनी नवऱ्याचा दंड धरला होता. औषधांचं दुकान ओलांडल्यावर पोस्टमास्तर थांबले.

"ते नाकाचं पुन्हा सांग ना," ते म्हणाले.

"कुठलं?"

"मघाशी सांगत होतीस ते. बसकं नाक, बट. खोटं तर खोटं. ऐकायला बरं वाटत होतं."

बाईंनी तोंड उघडलं. दवाखान्यात भराभरा सुचलेलं ते कपाळ, ते हसू, आता त्यातला एक शब्द ओठांवर येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "कपाळ..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मला नाही येत हो. आता नाही येत." आणि ती तोंडाने तिखट बाई भर रस्त्यात रडायला लागली. येणारेजाणारे वळून बघायला लागले.

पोस्टमास्तरांनी तिच्याकडे बघायचं म्हणून मान दुसरीकडे वळवली. ते तसेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. "राहू दे," ते म्हणाले. "तुझा तरी सांग. तुझा चेहरा कसा दिसतो आता? मला तोही लागत नाहीये."

बाईंनी डोळे पुसले.

"होता तसाच आहे," त्या म्हणाल्या. तेही खोटंच होतं.